मधली फट

सोमवार, ९ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे माझी अर्धी लढाई झाली. आता एवढं वाचून टाक. फार मोठं नाही.

चार वर्षांतलं हे सहावं पत्र. आधीच्या पाचांना उत्तर आलं नाही त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोन तू पूर्वीही उचलत नव्हतास. फोनवर शब्द अडला की समोरचा माणूस थांबत नाही, हे तूच मला एकदा लिहून दाखवलं होतंस. म्हणून आपलं पत्रच बरं.

माझं छान चाललंय. म्हणजे खरंच छान. शाळांची पुस्तकं, दवाखान्यांची पत्रकं, जाहिरातवाल्यांचे स्टोरीबोर्ड, असं पंधरा वर्षं हातावर पोट घेऊन चित्रकथा काढल्या. एक काम संपलं की दुसरं मिळेल की नाही या धास्तीत प्रत्येक वर्ष काढलं. आता यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं काम लागलंय. यंत्र कसं चालवायचं ते एकही अक्षर न लिहिता नुसत्या चित्रांतून सांगायचं. पहिला करार वर्षाचा होता, आता तीन वर्षांचा होईल असं म्हणताहेत. त्या जोरावर उत्तरेला खिडकी असलेली एक खोली घेतली आहे, फक्त कामासाठी. आई असती तर म्हणाली असती, चला, शेवटी खडूला नोकरी लागली.

तर एक छोटं काम आहे. कंपनीच्या यादीत तुमच्या लॉन्ड्रीचं नाव पाहिलं. चादरींना इस्त्री करायचा मोठा रोलर तुमच्याकडे नवा आला असेल. त्याच्या अंगावर चार चित्रांचा एक पत्रा आहे, चादर अडकली तर काय करायचं ते सांगणारा. ती चित्रं माझी. त्याचीच एक कागदी प्रत सोबत ठेवली आहे, आणि तिकीट लावलेलं पाकीटही. चारही चौकटींत पेनाने आकडे घाल. पहिलं काय करायचं, दुसरं काय, असे. विचार करू नकोस, कुणाला विचारूही नकोस. जसं दिसेल तसं. चिठ्ठी लिहायची गरज नाही, नुसता कागद पाकिटात घालून टाक.

कशासाठी, तर मला नव्या मुलामुलींसमोर बोलायला बोलावलंय, चित्रकथेवर आयुष्यभर जगायचं कसं या विषयावर. तिथे उदाहरण म्हणून दाखवीन. बाकी काही नाही.

तुझी,
खडू

ता. क. उत्तर पाठवेपर्यंत चादर अडकली तर रोलरवरची जाळी उचलू नकोस. तू नको आणि तुझ्या शेजारचाही नको. उगाच म्हणते आहे. पण उचलू नकोस.


शुक्रवार, १३ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. चार दिवसांत येणार नाही हे मलाही कळतं, तरी रोज जिन्यातल्या पेटीत दोनदा हात घालून येते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. व्याख्यान खरं आहे, पण कागद त्यासाठी नको होता. चोराच्या मनात चांदणं. आता सांगते, कारण न सांगता राहिले तर तू तो कागद कचऱ्यात टाकशील.

मागच्या महिन्यात कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला. मी त्यांना मनात टापटीप साहेब म्हणते. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. माणूस वाईट नाही. अगदी सहज म्हणाले की एका लॉन्ड्रीत घड्या घालणाऱ्या एका बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं रोलरमध्ये गेली. आणि त्याच सुरात पुढे म्हणाले की काळजीचं कारण नाही, तुमची चित्रं समोरच लावलेली होती, म्हणजे चूक तिचीच. लॉन्ड्रीच्या मालकाने तिला कामावरून काढलं आहे. ती कामगार कार्यालयात गेली आहे, म्हणून आता मी एका कागदावर सही करायची. कागदात लिहिलंय की चित्रांचा क्रम सामान्य माणसाला सहज कळेल असा आहे आणि त्यात गोंधळाला जागा नाही.

मी फोन ठेवला आणि भिंतीवरची माझी प्रत पाहिली.

तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये कोरी जागा असते, आम्ही तिला फट म्हणतो. डोळा नेहमी अरुंद फट ओलांडतो, रुंद फटीपाशी अडतो. चार चौकटी दोनावर दोन अशा मांडल्या आणि उभी फट रुंद ठेवली, तर वाचणारा आडवा जात नाही, सरळ खाली उतरतो. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतः शिकवते.

माझ्या पत्र्यावर वरच्या ओळीत लाल बटण दाबणारी बाई आहे. तिच्या शेजारी तीच बाई दोन्ही हात मागे घेऊन उभी, रोलर पुरता थांबेपर्यंत आणि वरचा दिवा विझेपर्यंत. खालच्या ओळीत ती जाळी उचलून चादर ओढते, आणि शेवटी जाळी लावून हिरवं बटण दाबते. शेवटच्या क्षणी कंपनीला स्वतःचं बोधचिन्ह हवं झालं, तेही अगदी मधोमध, उभं. मग डाव्या आणि उजव्या चित्रांमध्ये ते बसलं. फट रुंद झाली. चौकटींत आकडे होते, तेही मी काढून टाकले. साहेबांना पत्रा सुटसुटीत हवा होता, आणि मला ऐट होती की माझी चित्रं आकड्यांशिवाय बोलतात.

आता तूच वरून खाली वाच. लाल बटण दाबलं, लगेच जाळी उचलून हात घातला. बटण दाबल्यावर तो रोलर आठ-दहा सेकंद फिरत राहतो, दादा. आणि तापलेला तर अर्धा तास असतो.

कदाचित मी घाबरून नाही ते पाहते आहे. कदाचित माणसं बरोबरच वाचत असतील. म्हणून तुझ्या हातचे आकडे हवेत. तू रोज तिथे उभा राहतोस, आणि मला बरं वाटावं म्हणून तू काही करणार नाहीस, याची खात्री आहे.

काल तुमच्या लॉन्ड्रीच्या ऑफिसात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पलीकडून विचारलं, कोण बोलतंय. दोन्ही वेळा मी ठेवून दिला.

सही अजून केलेली नाही.

खडू


मंगळवार, १७ मार्च

दादा,

तुझं पाकीट सकाळी मिळालं. जिन्यातच फाडलं. शब्द एकही नाही, चार आकडे फक्त. निळ्या पेनाने, नीट, गोल काढलेले.

एक, खाली दोन. मग वर तीन, खाली चार.

मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन उतरत होते. त्यांनी विचारलं, काही वाईट बातमी का. मी म्हटलं, नाही, भावाचं पत्र आलंय. ते खूश होऊन गेले.

सगळ्यात भयानक काय सांगू? तुझा क्रमही जुळतो. बटण दाबा, चादर ओढा, मग हात मागे घेऊन बाजूला उभे राहा, मग यंत्र सुरू करा. अगदी शहाण्या माणसाने करावं तसं. कुणालाही शंका येणार नाही. चित्र चुकीचं दिसलं असतं तर कुणीतरी थांबलं असतं. हे तर बरोबरच दिसतं.

तुमच्या ऑफिसात आज पुन्हा फोन केला आणि या वेळी बोलले. नाव सांगितलं, तुझं नातं सांगितलं नाही. म्हटलं, पत्रा आजच्या आज काढा किंवा वर कागद चिकटवा, आणि सगळ्यांना सांगा की दिवा विझेपर्यंत जाळीला हात लावायचा नाही. त्या माणसाने हो म्हटलं. लिहून घेतलं का, ते कळलं नाही. तू बघ. नसेल तर तूच काहीतरी चिकटव. असे एकशे चाळीस पत्रे लागलेले आहेत. सगळ्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत, आणि तुमचा एक सोडला तर मी एकालाही फोन केलेला नाही. केला तर संध्याकाळपर्यंत साहेबांना कळेल.

मला भीती वाटते. गोलमाल नको, भीतीच वाटते. त्या बाईसाठी वाटते, तुझ्यासाठी वाटते, आणि त्याच्या जोडीला खोली जाईल याचीही वाटते. ही तिसरी भीती पहिल्या दोन भीतींएवढीच मोठी आहे, हे लिहिताना मला माझी किळस येते. पन्नाशी चार वर्षांवर आली. पुन्हा पिशवी घेऊन प्रकाशकांच्या दारात उभं राहायचं, पुन्हा “सध्या काही नाही, बघू” ऐकायचं. धंद्यात एकदा नाव गेलं की परत येत नाही. चूक केली म्हणून नाही जात. कबूल केली म्हणून जातं.

आठ दिवस मला हात काढता येत नाहीत. दुसऱ्या एका यंत्राची चित्रं चालू आहेत, त्यातली सगळी माणसं खिशात हात घालून उभी आहेत.

उद्या कंपनीत जाऊन सांगते. सकाळीच.

खडू


बुधवार, १८ मार्च

दादा,

गेले नाही.

साहेबच आले. माझ्या खोलीवर, संध्याकाळी, तीन वर्षांचा करार घेऊन. खिडकीजवळ उभे राहिले, उजेडाचं कौतुक केलं. तुझा आकडे घातलेला कागद टेबलावर पडला होता. मी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

आधी करार पुढे केला, त्याच्याखाली तो दुसरा कागद. काही जोर केला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, नुसती औपचारिकता.

दोन्हींवर सही केली.

परवा त्या व्याख्यानात मी मुलांना सांगणार आहे की या धंद्यात टिकायचं असेल तर पहिलं काय शिका, तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणखी एक आहे. आज नाही लिहवत.


सोमवार, २३ मार्च

दादा,

काल मी त्या बाईंच्या घरी जाऊन आले. पत्ता साहेबांच्या कागदावर होता. त्या घड्या घालायचं काम करायच्या, म्हणून घडीवाल्या बाईच म्हणते.

दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. दार सासूने उघडलं. मी म्हटलं, यंत्राच्या कंपनीकडून माहिती घ्यायला आलेय. हेही अर्धं खरंच होतं, पण अर्धं खरं बोलण्यात मी आता तरबेज झालेय. बाई पस्तिशीच्या असतील. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, तो हात उशीवर ठेवलेला. डाव्या हाताने मुलीच्या वहीला कव्हर घालत होत्या, आणि एका हाताने ते होत नव्हतं. मी धरू का विचारलं. मग आम्ही दोघींनी मिळून कव्हर घातलं.

मी चित्रांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवून दाखवलं. हे, मग खाली हे, मग हे वरचं. तुझ्यासारखंच. वरच्या चित्राबद्दल म्हणाल्या, चादर काढून झाली की असं मागे सरकायचं, म्हणजे यंत्र सुरू करताना कुणाला लागत नाही. मला समजावून सांगत होत्या.

मी विचारलं, तुम्ही तसंच केलंत का.

“चित्रात आहे तसंच केलं,” त्या म्हणाल्या. “तेच तर कुणी ऐकत नाही.”

सासू मागे उभी होती. म्हणाली, “ही भाजीत मीठसुद्धा मोजून घालते. ही घाई करेल?” आणि पाणी आणायला आत गेली.

निघताना बाईंनी तो कागद पुन्हा हातात घेतला. म्हणाल्या, चित्रं काढणाऱ्याने चांगली काढली आहेत, ही बाई तर माझ्यासारखीच दिसते, आमच्याकडे सगळ्या मला चिडवायच्या. एवढं ऐकून मी चपला घातल्या. तेव्हा तरी सांगायचं होतं. दार अजून उघडं होतं, सासू वरून म्हणत होती, सांभाळून उतरा, तिसरी पायरी तुटली आहे.

आता त्या दिवशी लिहवलं नाही ते लिहिते.

छापायला जाण्याआधी त्या पत्र्याचा नमुना माझ्याकडे आला होता. बोधचिन्ह घातलेला, आकडे काढलेला. कंपनीला दहा मिनिटांत हो किंवा नाही हवं होतं. मी तो टेबलावर ठेवला, आणि माझा डोळा सरळ खाली उतरला. माझाच डोळा, दादा. मीच काढलेली चित्रं मीच उलटी वाचली. मला दिसलं. फोन उचलून सांगायला हवं होतं की मांडणी बदला, आठवडा द्या. पण त्याच सकाळी साहेब म्हणाले होते की आधीचा चित्रकार फार फाटे फोडायचा, म्हणून बदलला. मी हो म्हटलं. मग स्वतःची समजूत काढली की मी फार बारकाईने बघते, साध्या माणसांना असं दिसत नसणार.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वर्षभर स्वतःलाही नाही.

येत्या शुक्रवारी कामगार कार्यालयात बैठक आहे. साहेबांनी मलाही यायला सांगितलंय, नुसतं हो म्हणायला. तू येशील का, असं विचारणार होते. तू रोज रोलरवर असतोस, तुझं ऐकतील. मग लाज वाटली. परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत तुला उभं करून बोलायला लावायचं, आणि तेही माझ्यासाठी. नको येऊस. माझं मी बघते.

माझी पाचावर धारण बसली आहे.

खडू


शुक्रवार, २७ मार्च

दादा,

झालं. कसं झालं ते सांगते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

लांबट खोली, मधे टेबल, पंखा फार जोरात. कामगार कार्यालयाच्या एक बाई मधे बसल्या होत्या. एका बाजूला घडीवाल्या बाई आणि सासू. दुसऱ्या बाजूला टापटीप साहेब आणि त्यांच्या शेजारी माझी खुर्ची. मला पाहून घडीवाल्या बाई ओळखीचं हसल्या. त्यांना वाटलं, घरी येऊन माहिती घेऊन गेली ती बाई त्यांच्याच मदतीला आली आहे.

साहेबांनी माझा कागद वाचून दाखवला. चित्रांचा क्रम सहज कळेल असा आहे, गोंधळाला जागा नाही, खाली चित्रकाराची सही. तेव्हा घडीवाल्या बाईंना कळलं मी कोण ते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रागाने नाही. नुसत्या बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

कार्यालयाच्या बाईंनी मला विचारलं, हे तुमचंच म्हणणं ना?

माझं वाक्य तयार होतं. सकाळपासून आरशासमोर म्हणत होते. उभी राहिले आणि “मला” एवढं म्हटलं. पुढचा शब्दच येईना. तोंड उघडं, जीभ जागेवर, आणि आवाज नाही. पुन्हा “मला” म्हटलं. पंख्याचा आवाज येत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मोठ्या मायेने हसले आणि त्या बाईंना म्हणाले, “मला मान्य आहे, असं म्हणताहेत त्या.”

दादा, माझं वाक्य त्यांनी पुरं केलं आणि ते लिहिलंही जाऊ लागलं. मी मान हलवत होते, नाही नाही म्हणून, पण घाबरलेल्या माणसाची मान कशीही हलते, ती कुणाला कळते? तुझ्या आयुष्यात असं किती वेळा झालं असेल. मीही केलं असेल, शंभरदा. तुला मदत म्हणून.

घडीवाल्या बाई म्हणाल्या, “थांबा. त्यांना बोलू द्या.”

सगळे थांबले. किती वेळ कोण जाणे. मला वाटतं फार नसेल. मग मी म्हटलं, “मला दिसलं होतं. छापायच्या आधीच दिसलं होतं. ही चित्रं वरून खाली वाचली जातात. मी गप्प बसले.” त्यानंतर सगळं बोलता आलं. फट, बोधचिन्ह, आकडे, सगळं. तुझा कागदही दाखवला. सही मागे घेते असं लिहून दिलं.

साहेब चिडले नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. खरंच आहे. करार अर्थातच संपला, खोली महिन्याअखेर सोडायची आहे. पत्रे आठ दिवसांत सगळीकडून काढायचे असा आदेश निघाला. बाईंना काढून टाकल्याचं प्रकरण पुन्हा तपासणार आहेत. त्यांचं एक बोट आता कधीच वाकणार नाही.

मी त्यांच्याजवळ गेले. काय बोलणार होते देव जाणे. सासूच बोलली. “आमच्या घरी बसला होतात, तेव्हाच सांगायचं होतं.” मग तिने बाईंच्या खांद्यावर पिशवी नीट अडकवली आणि दोघी निघून गेल्या. क्षमा वगैरे काही नाही. मी मागितलीही नव्हती.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती जाईल. गेली नाही. एकशे चाळीस ठिकाणी तो पत्रा अजून आठ दिवस असणार. परत आल्यापासून यादी घेऊन फोन करते आहे. साठ झाले. प्रत्येक जण विचारतो, कोण बोलतंय, आणि मी सांगते.

आता तुझं पान. हे ज्यांना उत्तर आलं नाही त्या पाच पत्रांत मी कधी सरळ लिहिलं नाही, नुसत्या गोल गोल माफ्या मागितल्या. आपल्यावरचं माझं चार वर्षांपूर्वीचं चित्रकथेचं पुस्तक पुन्हा छापताहेत. सगळे ज्याचं कौतुक करतात ते आठ चौकटींचं पान त्यात आहेच. तू मुलाखतीला गेला होतास, तू बावीसचा, मी चौदाची, तुझा डबा घेऊन बरोबर आलेली. काचेचं दार, आत टेबलामागे पाच माणसं. त्यांनी नाव विचारलं. मी बाहेरून पाहत होते. आठ चौकटींत नुसतं तुझं तोंड, आणि आठव्या चौकटीतही ते उघडंच, नाव न आलेलं. तिथे पान संपतं. तुझ्या लॉन्ड्रीत ते पान हातोहात फिरलं, लोकांनी तुझ्या तोंडाच्या नकला केल्या, आणि तू मला चिठ्ठी पाठवलीस, “मला विचारायचंस तरी.” नंतर काहीच नाही.

मी विचारलं नव्हतं. तुला विचारलं नाही, रोलरवरच्या एका माणसालाही विचारलं नाही. चित्र काढताना मला सगळं माहीत असतं अशी माझी खोड आहे.

आणि एक कबुली अजून आहे. आठव्या चौकटीनंतर काय झालं ते मला माहीत नाही. मला बघवेना. मी इतकी घाबरले की दारापासून पळाले, मागे नळ होता तिथे जाऊन कानांवर हात ठेवून उभी राहिले. तिथवर आतला आवाज येत नव्हता, तरी कान झाकले. तू बाहेर आलास, आपण काही न बोलता घरी आलो. नोकरी मिळाली नाही. मी धरून चालले की नाव आलंच नाही. लोकांना वाटतं मी धीटपणे शेवटपर्यंत पाहिलं. मी पाहिलं नाही.

ते पान काढून टाकू का? तू सांगशील तसं. या वेळी विचारते आहे.

तुझ्या उत्तराची भीती वाटते, पण धाड.

खडू


मंगळवार, ७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांत पहिलं. सोबतचा पत्राही मिळाला. तूच पान्याने काढलास, हे वाचून पहिल्यांदा पोटभर जेवले. आकडे घालताना तुला काय वाटलं तेही वाचलं. मी विचारतेय म्हणजे नक्की कुठेतरी माती खाल्ली असणार, असं वाटलं म्हणतोस. बरोबर ओळखलंस.

पानाबद्दल तू लिहिलेल्या पाच ओळी मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे पुन्हा लिहिते, माझ्या हाताने लिहून बघायच्या आहेत म्हणून.

“पान राहू दे. पण ते अर्धं आहे. मी नाव सांगितलं होतं. वेळ लागला, पाचही जण थांबले होते, आणि पूर्ण सांगितलं. नोकरी हुकली कारण त्यांना गाडी चालवणारा हवा होता आणि मला गाडी येत नव्हती.”

दादा, बत्तीस वर्षं मी तुला त्या आठव्या चौकटीत उभं करून ठेवलं. आधी मनात, मग छापून. आणि तू कधीच पुढे गेला होतास.

प्रकाशकांना कळवलंय की थांबा, नववी चौकट यायची आहे. काल दिवसभर बसले, जमेना. नाव सांगून झाल्यावर तुझा चेहरा कसा झाला होता, मला माहीत नाही. अंदाजाने काढायचं नाही असं ठरवलंय. तू समोर बसून सांगायला हवंस. रविवारी तुझी सुट्टी असते, तेव्हा येते. जीव घाबरा झालाय, खोटं कशाला सांगू, त्या बैठकीपेक्षा जास्त. दार उघडायला वेळ लागला तर लागू दे. मी पायरीवर बसून राहीन, कुठे जाणार नाही.

तुझी,
खडू